दुमडणारं हार्डटॉप अडकलं, गळलं, हललंच नाही तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा हायड्रॉलिकचा माणूस. हिंगणा एमआयडीसीत प्रेस मशीनचे सिलिंडर उघडत, सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलत माझी सुरुवात झाली. नंतर एका ओळखीच्या भाऊंनी त्यांची दोन दारांची मर्सिडीज दारात आणून उभी केली आणि म्हणाले, "हे पण सिलिंडरच आहेत ना, बघा जरा." तेव्हापासून घडी होऊन डिक्कीत जाणारी कडक छतं दुरुस्त करतो आहे. नागपुरात अशा गाड्या मोजक्या, त्यामुळे त्यांच्या मालकांना नीट सांगणारंही कोणी सापडत नाही. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

छत अर्ध्यावर अडकलंय, मी भर रस्त्यात आहे. आत्ता काय करू?

गाडी बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा आणि बटण दाबणं थांबवा. पाच-पाच सेकंदांनी बटण दाबत राहिलात तर पंपाची मोटर तापते, बॅटरी उतरते, आणि जे काम एका वायरीवर भागलं असतं ते वाढतं.

दहा-पंधरा मिनिटं थांबा. मोटर तापली असेल तर कंट्रोल युनिट, म्हणजे छत चालवणारा छोटा कॉम्प्युटर, तिला थोडा वेळ बंद ठेवतं, आणि थंड झाल्यावर छत आपोआप मार्गी लागतं असं बऱ्याचदा होतं. मग इंजिन चालू ठेवून, एसी आणि दिवे बंद करून, एकदाच बटण दाबा आणि हालचाल संपेपर्यंत धरून ठेवा. उघडत असताना अडकलं असेल तरी बंद करण्याच्या दिशेनेच दाबून बघा.

तरी हललं नाही, तर हातानं बंद करायची सोय जवळजवळ प्रत्येक गाडीत असते. गाडीच्या पुस्तकात तिचं पान आहे, ते आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. साधारण रीत अशी: डिक्कीतल्या पंपावर एक बायपास स्क्रू असतो, तो ॲलन कीनं (षटकोनी किल्लीनं) सैल करायचा. त्यानं सिलिंडरमधला दाब सुटतो आणि छताचे पत्रे हातानं हलू लागतात. हा स्क्रू न सोडता ओढाल तर तेल पत्र्याला जागीच धरून ठेवेल, आणि तुम्ही जोर लावून बिजागरी वाकवाल. दोन्ही बाजूंना एक-एक माणूस हवाच. एकाच बाजूनं ढकललेलं छत पिळलं जातं, आणि पिळलेलं छत पुन्हा रुळावर आणणं हे या कामातलं सगळ्यात जिकिरीचं काम आहे.

पत्रे हवेत उभे असताना गाडी चालवू नका. समृद्धी महामार्गावर असाल तर मुळीच नाही. क्रेन बोलवायची तर सपाट प्लॅटफॉर्मवाली बोलवा.

हातानं बंद करून घरी आणली. आता पंप वाजतो, पण छत हलत नाही. पंपही गेला का?

आधी तो बायपास स्क्रू पुन्हा घट्ट केलात का, ते बघा. स्क्रू उघडा राहिला तर पंप तेल इकडून घेऊन तिकडेच परत सोडतो, सिलिंडरपर्यंत दाब पोचतच नाही.

एक भाऊ अमरावतीहून गाडी घेऊन आले होते. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना नवा पंप घ्यावा लागेल असं सांगितलं होतं आणि परदेशातून मागवायचा ॲडव्हान्सही घेतला होता. मी डिक्कीचं कार्पेट उचललं, स्क्रू पाऊण फेरा आवळला, छत बंद झालं. त्या भाऊंचा चेहरा अजून आठवतो. आनंदही होता आणि गेलेल्या पैशांची चुटपुटही होती.

हे छत नेमकं चालतं कसं?

हे समजून घेतलं तर पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बटण दाबल्यावर आधी खिडक्यांच्या काचा खाली येतात. मग डिक्कीचं झाकण उलट्या बाजूनं, म्हणजे मागच्या बंपरच्या दिशेनं उघडतं. मग समोरच्या काचेवरचं लॉक सुटतं, छताचे दोन किंवा तीन तुकडे एकमेकांवर येतात, ते डिक्कीत बसतात, झाकण मिटतं. गाडीगणिक क्रम थोडा बदलतो. ही हालचाल करणारे सिलिंडर तेलाच्या दाबावर चालतात, आणि तो दाब डिक्कीतला इलेक्ट्रिक पंप तयार करतो. माझदा एमएक्स-५ सारख्या काही गाड्यांत तेल नाहीच, सगळं मोटरींवर चालतं.

महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या निरोपाची वाट बघते. झाकण पूर्ण उघडलं हे एक सेन्सर सांगतो, तेव्हाच लॉक सुटतं. लॉक सुटलं हे दुसरा सेन्सर सांगतो, तेव्हाच छत उठतं. एकाचा निरोप आला नाही की रांग तिथेच थांबते. पंप उत्तम, तेल भरलेलं, सिलिंडर ठणठणीत, आणि तरी छत जागचं हलत नाही.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधल्या जॉर्ज पोलॅं या दातांच्या डॉक्टरानं १९३०च्या दशकात असं छत काढलं आणि प्यूजोनं ते गाड्यांवर बसवलं. १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेत फोर्डनं स्कायलायनर गाडी विकली. तिच्यात छत हलवायला तीन मोटरी, लॉकसाठी चार, शिवाय दहा लिमिट स्विच (भाग जागेवर पोचला की सांगणारे) आणि ६१० फूट वायर होती. आज हातात स्कॅनर आला, पण काम तेच आहे: दहापैकी कोणता स्विच गप्प बसलाय ते शोधायचं. १९९६ साली मर्सिडीज एसएलके आली आणि ही छतं सर्वसामान्य झाली. नागपुरात माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या एसएलके आणि २००९ ते २०१६ या काळातल्या बीएमडब्ल्यू झेड-४.

बटण दाबलं, काहीच होत नाही. आवाजसुद्धा नाही.

डिक्की उघडा. आत एक पडदा किंवा फोल्डिंग पार्टिशन असतं, ते खाली ओढून खाचेत अडकवलंय का? छत बसायची जागा मोकळी आहे, याची खात्री गाडी या पडद्यावरून करते. बॅग ठेवताना पडदा निसटतो, मालकाच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या "छत बंद पडलं" या फोनपैकी कितीतरी फोन याच वाक्यावर संपतात.

पडदा नीट असेल तर पुढचं बघा. गाडी पूर्ण थांबलेली हवी, काही नव्या गाड्यांत अगदी हळू चाललेली चालते. डिक्की नीट लॉक झालेली हवी. सुटी किंवा बाहेरून लावलेली काहीही वस्तू झाकणाच्या वाटेत नको. आणि बॅटरी नुकतीच बदलली असेल तर खिडक्या आपली जागा विसरलेल्या असतात. काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच ओढून धरा, दोन्ही बाजूंना करा. काच खाली उतरली नाही तर बऱ्याच गाड्या छताला हातच लावत नाहीत.

बॅटरी चांगली आहे, गाडी एका झटक्यात स्टार्ट होते. मग बॅटरीचा काय संबंध?

स्टार्टर दोन सेकंद करंट खेचतो, छताचा पंप वीस-पंचवीस सेकंद. थकलेली बॅटरी पहिलं काम करते आणि दुसऱ्यात हात टेकते. व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट छत अर्ध्यात सोडून देतं, आणि तुम्हाला वाटतं सेन्सर गेला.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. पण खरी परीक्षा पंप चालू असताना, पंपाच्या टर्मिनलवर मीटर लावून घ्यायची. बॅटरीवर १२ आणि पंपाजवळ १० दिसलं, तर दोष मधल्या वायरीत, रिलेत किंवा अर्थिंगच्या नटात आहे. नागपूरच्या उन्हात बॅटऱ्या फार टिकत नाहीत आणि या गाड्या महिन्यातून दोनदा निघतात, म्हणून माझी पहिली तपासणी नेहमी हीच असते.

सेन्सर खराब आहे हे कसं ओळखता? एक-एक बदलत जायचं का?

बदलत जायचं नाही. कृपा करून तसं कोणाला करू देऊ नका.

मे २०२४ च्या अखेरीस आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवतं का? दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर तोच आकडा फिरत होता. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. ऊन तर होतंच, पण ५६ नव्हतं. छताच्या कंट्रोल युनिटची हीच अडचण असते. झाकण पूर्ण उघडलेलं आपल्या डोळ्यांना दिसतं, पण युनिटला सेन्सर सांगेल तेवढंच कळतं.

म्हणून मी स्कॅनर लावून नुसता फॉल्ट कोड वाचत नाही, लाइव्ह डेटा उघडून बसतो. छत हलत असताना प्रत्येक स्विचची ओळ "बंद"वरून "चालू"वर जाते का ते बघतो. छत ज्या क्षणी थांबलं, त्या क्षणी कोणती ओळ बदलायची राहिली, ते उत्तर. साध्या स्कॅनरवर हा विभाग दिसत नाही. त्या-त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचं, छताचा भाग उघडणारं स्कॅनर लागतं.

ओळ सापडली तरी लगेच सेन्सर मागवू नका. बहुतेक वेळा सेन्सर शाबूत असतो आणि वायर तुटलेली असते. डिक्कीच्या बिजागरीपाशी वायरींची जुडी दर वेळी वाकते. आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक तसंच राहतं, बघून काही कळत नाही. मी छत उघडं ठेवून ती जुडी बोटांनी हलके हलवतो आणि स्क्रीनकडे बघतो. ओळ लुकलुकली की सापडलं. तिथे जोड देताना वाकण्याच्या जागेपासून लांब द्यायचा आणि बारीक तारांची मऊ सिलिकॉन वायर वापरायची. वाकण्याच्या जागीच सोल्डर केलं तर ती जागा कडक होते आणि थोड्याच दिवसांत शेजारी तुटते.

समोरच्या आरशाजवळून डोक्यावर तेलकट थेंब पडतात. एसीचं पाणी आहे का?

पाणी नाही. समोरच्या काचेच्या वर लॉकचा छोटा सिलिंडर असतो, त्याचं सील गेलंय. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. पाणी सुकतं, तेलाचा डाग राहतो. डॅशबोर्ड आणि सीटचं चामडं लगेच पुसून घ्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत छत चालवू नका. प्रत्येक फेरीला तेल आणखी बाहेर येतं, टाकी रिकामी होते, पंप हवा ओढायला लागतो आणि कोरडा घासला जातो. शे-दोनशे रुपयांच्या सीलसाठी पंप गमावू नका.

तेल कमी झालंय. जवळच्या दुकानातून ब्रेक ऑइल आणून टाकलं तर?

नाही. या सिस्टिमची सीलं खनिज किंवा त्या जातीच्या सिंथेटिक हायड्रॉलिक तेलासाठी बनवलेली असतात. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं. त्यात ही रबरं फुगतात आणि मऊ पडतात, मग एक सिलिंडर गळत होता तिथे सगळे गळू लागतात. शिवाय ते रंगावर सांडलं तर रंग उठतो. गिअरचं तेलही चालवून घेऊ नका. पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच. नागपुरात मिळाला नाही तर मागवा, चार दिवस थांबा.

चुकून टाकलं असेल तर छत अजिबात न चालवता आणा. सगळं तेल काढून, नळ्या धुऊन घेता येतात. चालवून आणलंत तर मग प्रत्येक सील बदलावं लागतं.

सिलिंडर नवाच घ्यावा, की सील बदलून भागतं?

माझं मत स्पष्ट आहे: सिलिंडरमधून आत-बाहेर सरकणारा दांडा चांगला असेल तर सील बदला. नवा मूळ सिलिंडर महाग असतोच, शिवाय तो येईपर्यंत आठवडे जातात. आणि जुन्या गाडीत एक सिलिंडर नवा टाकला तरी बाकीचे त्याच वयाचे असतात. एक गळला की बाकीचे रांगेत उभे आहेत असं समजा. एकाच वेळी सगळे खोलणं स्वस्त पडतं, कारण मजुरीचा मोठा भाग अस्तर आणि पत्रे काढण्यात जातो.

काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही दुसरीकडे कुठे करून घेतलंत तरी काय बघायचं ते कळेल.

आधी दाब सोडायचा. मग प्रत्येक नळीला टेप लावून क्रमांक द्यायचा आणि फोटो काढायचा, कारण दोन नळ्या अदलाबदल झाल्या तर छत उलट्या दिशेला जोर लावतं. नळ्यांची तोंडं टोपणं लावून बंद करायची. सिलिंडर बाहेरून पूर्ण पुसून मगच उघडायचा. तेलात गेलेला धुळीचा एक कण नव्या सीलवर चरा पाडायला पुरतो, म्हणून हे काम मी सकाळी करतो, दार लावून, कूलर बंद ठेवून. मे महिन्यात हे सोपं नसतं.

पुढे सर्क्लिप, म्हणजे तोंडाशी अडकवलेली गोल कडी, काढली की दांडा बाहेर येतो. जुनं सील हातात घेतलं की गाडीचं आयुष्य कळतं. ते मुळात रबरी आणि लवचीक असतं. इथे ते कधी चिक्कीसारखं कडकड तुटतं, कधी वितळलेल्या गुळासारखं तपकिरी होऊन दांड्याला चिकटलेलं सापडतं. ते सगळं लाकडी काडीनं खरवडायचं, पेचकसानं नाही. मग दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. नख कुठे अडलं तर तिथे चरा आहे आणि नवं सीलही तिथूनच गळणार. असा दांडा लेथवर देऊन, हार्ड क्रोम करून घ्यावा लागतो, नाहीतर सिलिंडर बदलावा लागतो. नख अडलं नाही तर व्हर्नियरनं माप घ्यायचं आणि पॉलियुरेथेनचं सील बसवायचं. जिथे फार उष्णता लागते तिथे व्हिटॉनचं. सीलची ओठासारखी कड दाबाच्या, म्हणजे तेलाच्या बाजूला हवी. उलटं बसलेलं सील पहिल्याच फेरीत गळतं, आणि मग लोक म्हणतात, "सील बदलून काही होत नाही, नवाच घ्या."

काही सिलिंडरांचं तोंड कारखान्यातच दाबून बंद केलेलं असतं. ते लेथवर कापून, आटे पाडून, नवं टोपण बसवून उघडझाप करण्यासारखं करता येतं. हे ज्यानं आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.

सील बदलल्यावर छत धक्के देत चालतंय.

नळ्यांत हवा आहे. टाकीत तेल भरून चार-पाच पूर्ण फेऱ्या करा, मध्ये मध्ये पंपाला विश्रांती द्या, तेलाची पातळी पुन्हा पुन्हा बघा. पातळी छताच्या कोणत्या स्थितीत बघायची हे पुस्तकात असतं. चुकीच्या स्थितीत बघून तेल जास्त भरलं तर ते पुढच्या फेरीत टाकीबाहेर येतं.

उन्हाळ्यात छत जास्त बिघडतं का?

हो. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा बऱ्याचदा ४५ च्या आसपास जातो. ते सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त असतं. तेल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून सहज निसटतं, रबर कडक होतं, मोटर लवकर तापते. दुपारी दोनला फुटाळा तलावावर उभं राहून मित्रांना छत तीन-चार वेळा दाखवू नका. संध्याकाळी दाखवा.

आणि ऊन जितकं वाईट, तितकंच महिनोन्‌महिने न वापरणंही वाईट. सील तेलानं ओलं राहिलं तर मऊ राहतं. महिन्यातून एकदा सावलीत एक पूर्ण फेरी करा.

पावसाळ्यानंतर छत बंद पडलं. छताचा आणि पावसाचा काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ याच बिघाडाची वाटते, कारण तो टाळता येतो.

दुमडणारं छत कितीही घट्ट बसलं तरी सांध्यातून थोडं पाणी आत येतं. ते येणार हे धरूनच गाडी बनवलेली असते. आत पन्हाळी असतात, त्यांच्या कोपऱ्यात नळ्या, आणि त्या नळ्या पाणी चाकाजवळ खाली सोडतात. नळी तुंबली की पाणी आत साचतं. झेड-४ मध्ये तर पंपाची मोटर डिक्कीच्या बाजूला, पार खालच्या खोबणीत, फोमच्या डब्यात बसवलेली आहे. पाणी आधी तिथेच जातं. फोम ते पाणी धरून ठेवतो, मोटर आठवडेच्या आठवडे भिजत राहते आणि गंजून अडकते. म्हणून या गाडीत बरेच जण मोटर दुरुस्त झाल्यावर तिला वर, डिक्कीत हलवून घेतात. मीही तेच सुचवतो. तळाशी परत ठेवली तर दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा तीच वेळ येते.

नळ्या कशानं तुंबतात? आपल्याकडे कडुलिंबानं. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, सेमिनरी हिल्स या भागात सावली म्हणून गाडी कडुलिंबाखाली लावली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, एप्रिलमध्ये फुलोरा. ती बारीक पांढरी फुलं सांध्यातून आत जातात, धूळ मिसळते, आणि जूनच्या पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो. गेल्या जूनमध्ये एका गाडीच्या नळीतून मी बोटभर लांबीचा काळा गोळा ओढून काढला. सुकवून चुरगळला तर आत देठं तशीच होती. त्या मागे दीड-दोन लिटर पाणी थांबलेलं होतं.

मेअखेर हे काम घरीच करा. छत अर्धं उघडून पन्हाळीतला कचरा हातानं आणि व्हॅक्यूमनं काढा. नळीत गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी हलक्या हातानं घाला. लोखंडी तार नको, ती नळी फाडते. कॉम्प्रेसरची जोराची हवाही नको, त्यानं आतला सांधा निसटतो आणि पाणी सरळ कार्पेटमध्ये जातं. शेवटी पेलाभर पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. प्रत्येक कोपऱ्यातून पाणी खाली आलं पाहिजे.

गाडी पुरात बुडाली होती. छत वाचेल का?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल. एकच विनंती: बॅटरीची वायर काढा आणि छताच्या बटणाला हात लावू नका. पाण्यात भिजलेलं कंट्रोल युनिट लवकर उघडून, धुऊन, सुकवून वाचू शकतं. ओलं असताना त्यात वीज सोडली की आतलं तांबं गंजून झिजायला लागतं. पाणी कुठपर्यंत होतं त्याची सीटवरची, दारावरची रेघ पुसण्याआधी फोटो काढा.

विम्यात बसतं का?

पुराचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत बसतं, बॅटरीची वायर काढा, पण बाकी काही सर्व्हेअर येईपर्यंत खोलू नका. नुसती झीज, सील गळणं, मोटर जळणं हे यांत्रिक किंवा विजेचा बिघाड म्हणून पॉलिसीतून वगळलेलं असतं. थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही.

रबरी पट्ट्या कडक झाल्यात, करकरतात. खोबरेल तेल लावू का?

नको. खोबरेल, इंजिन ऑइल, गंज सोडवायचा स्प्रे, यांतलं काहीच नको. धूळ त्यावर चिकटते आणि पट्टीला पॉलिश पेपरसारखी घासते. साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा, पूर्ण सुकू द्या, मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. वर्षातून दोनदा: होळीनंतर आणि दिवाळीच्या आधी.

यातलं घरी काय करता येईल?

पडदा, बॅटरी, खिडक्यांची सेटिंग, नळ्या साफ करणं, रबर, तेलाची पातळी बघणं: एवढं करा. सिलिंडर आणि नळ्या सोडवणं घरी करू नका. दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत बोट खराब होतं. तसं झालं तर पट्टी बांधून बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि उघड्या छताखाली, झाकणाखाली हात घालताना मध्ये भक्कम टेकू द्या. दुसऱ्या माणसाला चावी खिशात ठेवायला सांगा. मी किल्ली माझ्याच खिशात ठेवतो, मालक शेजारी उभे असले तरी.

जुनी गाडी घेतोय. छताचं काय तपासू?

इंजिन थंड असताना छत दोनदा पूर्ण उघड-बंद करून घ्या आणि मोबाइलवर वेळ लावा. पहिल्या एसएलकेला साधारण २५ सेकंद, २००४ नंतरच्या एसएलकेला २२, २००१ च्या मर्सिडीज एसएलला १६, झेड-४ ला २० आणि जुन्या एमएक्स-५ हार्डटॉपला १२ सेकंद लागतात. पाच-सात सेकंद जास्त लागले तर तेल, सील किंवा बॅटरी यांपैकी काहीतरी बिघडलंय. दोन्ही बाजू सारख्या उठतात का ते मागून उभं राहून बघा.

मग डिक्कीचं कार्पेट उचला. हात फिरवा, वास घ्या. कुबट वास म्हणजे पाणी, चिकट हात म्हणजे तेल. पंपाच्या टाकीतलं तेल स्वच्छ हवं. बिजागरीजवळ इन्सुलेशन टेपचे गठ्ठे दिसले तर तिथे कोणीतरी आधी हात घातलाय, काय केलं ते विचारा. पासिंग एमएच-३१, ४९ की ४० यानं छताला फरक पडत नाही. पण गाडी किनाऱ्यावरच्या शहरात राहिलेली असेल तर छताचे बोल्ट आणि अर्थिंगच्या जागा गंजलेल्या आहेत का, हे वेगळं बघा.

"छत चालतं, फक्त आज बॅटरी डाउन आहे" असं विकणारा म्हणाला तर बॅटरी लावून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला तर पूर्ण छताच्या दुरुस्तीचा खर्च धरून भाव बोला.

खर्च किती येईल, किती दिवस लागतील?

गाडी न बघता आकडा सांगणार नाही. पडदा, स्क्रू, खिडकीची सेटिंग असेल तर तासाभरात जाल. वायर असेल तर शोधायला एक दिवस आणि जोडायला अर्धा तास, तेव्हा पैसे शोधण्याचे असतात हे समजून घ्या. सगळ्या सिलिंडरांची सीलं बदलायची तर आठवडा धरा. त्यातले दोन दिवस अस्तराचे प्लास्टिक क्लिप न मोडता काढण्यात आणि लावण्यात जातात, जुने क्लिप उन्हानं ठिसूळ झालेले असतात. कोणी तासाभरात अस्तर काढून दाखवलं तर किती क्लिप मोडले ते मोजा.

जुना काढलेला भाग मागून घ्या, मग तो कितीही खराब असो. मी तो पिशवीत घालून, कोणत्या बाजूचा ते लिहून मालकाच्या हातात देतो.

गाडी तुमच्याकडे आणताना काय सोबत आणू?

गाडीचं पुस्तक, दोन्ही चाव्या, आणि छत अडकतं त्या क्षणाचा व्हिडिओ. व्हिडिओ गाडीच्या मागून, छत आणि झाकण दोन्ही दिसतील असा, आवाजासकट घ्या. गाणी बंद ठेवा. पंप कोणत्या सेकंदाला गप्प होतो ते मला त्यातूनच ऐकायचं असतं.